डोंगरातली रोजी : पाच महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचा खर्च

कुलू-मनालीला जाऊन नोकरी-धंदा करू पाहणाऱ्या तरुणांसाठी

हिमाचल प्रदेशातील कुलू-मनाली हे नाव आपल्याकडे आता घरोघरी माहीत झाले आहे. नवविवाहित जोडपी, मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांच्या गाड्या, सुट्टीत डोंगर चढायला जाणारी कॉलेजची मुले अशी रीघ दरवर्षी तिकडे लागलेली असते. यातली काही मुले परत आल्यावर म्हणतात की आता तिकडेच जाऊन राहावे, हॉटेलात किंवा दुकानात काम करावे आणि फावल्या वेळी डोंगर चढावेत, बर्फावर स्कीइंग करावे, नदीत राफ्टिंग करावे. आपल्या समाजातील तरुणांमध्येही ही ओढ आता दिसू लागली आहे. कोणी ट्रेक लीडर व्हायचे म्हणतो, कोणी कॅफे काढायचा म्हणतो, कोणी शालींचे दुकान टाकायचे म्हणतो. आमच्या कापडाच्या धंद्यातील ओळखीमुळे अशी मुले सल्ला विचारायला येतात, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत.

रोजीसाठी घर सोडणे आपल्याला नवीन नाही. कोकणातील माणूस आखातात आणि आफ्रिकेत गेला, उत्तरेकडचा विणकर मालेगाव-भिवंडीत येऊन स्थायिक झाला. तेव्हा डोंगरात जाण्यास आमचा विरोध नाही. मात्र डोंगरातल्या धंद्याचा हिशेब मैदानातल्या धंद्यापेक्षा वेगळा आहे. तेथे कमाई जेमतेम पाच महिन्यांची असते आणि खर्च बाराही महिने चालू राहतो. हा एक मुद्दा ज्याला नीट समजला त्याने खुशाल जावे. ज्याला तो समजला नाही त्याचा सरमाया पहिल्याच पावसाळ्यात संपतो.

हा मुलूख कसा आहे

मनाली हे बियास नदीच्या काठचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे आपण ज्याला शिखर म्हणतो त्याहून चारशे मीटर उंचावर मनालीचा बाजार भरतो. जिल्ह्याचे ठिकाण कुलू खाली ४० किलोमीटरवर आहे आणि तेथील हवा पुष्कळच सौम्य आहे. २०११ च्या जनगणनेत मनाली शहराची लोकसंख्या फक्त ८,०९६ होती. हा आकडा धंदेवाल्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एवढ्या लहान गावात स्थानिक गिऱ्हाइकाच्या जोरावर दुकान चालत नाही, बाहेरून येणाऱ्या पर्यटकावरच सारा बाजार उभा असतो.

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्यामुळे रोहतांग खिंड न ओलांडता थेट लाहौलच्या खोऱ्यात जाता येते आणि मनाली-लेह रस्ता ४६ किलोमीटरने कमी झाला. ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवर मात्र राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे दिवसाला १,२०० गाड्यांचीच मर्यादा घालण्यात आली, त्यात ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. बोगदा झाल्यापासून बराचसा पर्यटक सिस्सूकडे वळला आहे. रस्ता बदलला की बाजार बदलतो. तेव्हा दुकानाची किंवा कामाची जागा पाहताना पर्यटकांच्या गाड्या कोठे थांबतात हे आधी पाहावे.

सीझनचा खरा हिशेब

मनालीचा मुख्य सीझन एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. मैदानात शाळांना सुट्ट्या असतात आणि उन्हाचा कहर असतो, तेव्हा सारा देश वर चढतो. जुलै-ऑगस्ट हा पावसाचा काळ, गर्दी एकदम उतरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास महिनाभर बरी हालचाल असते. त्यानंतर नाताळ आणि नव्या वर्षाचे काही दिवस बर्फासाठी पर्यटक येतात. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडला तर शनिवार-रविवारी गर्दी होते, न पडला तर दुकानदार शेगडीजवळ बसून राहतो.

आता एक नमुन्याचा हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा दोघा भावांनी मनालीत एक लहान दुकान भाड्याने घेतले. वर्षाचे भाडे चार लाख रुपये. एक नोकर सहा महिने, दरमहा १२,००० प्रमाणे ७२,०००. राहण्याची खोली दरमहा ८,००० प्रमाणे वर्षाचे ९६,०००. घरखर्च दरमहा २०,००० प्रमाणे २,४०,०००. जाणे-येणे आणि मालाचे भाडे ६०,०००. वीज, जळण, परवाने व किरकोळ ५२,०००. एकूण खर्च झाला ९,२०,००० रुपये.

विक्रीच्या रकमेवर शेकडा ३० नफा सुटतो असे धरले, तर एवढा खर्च नुसता भरून निघण्यासाठी वर्षाला सुमारे ३०,६७,००० रुपयांची विक्री व्हायला हवी. ही रक्कम ३६५ दिवसांनी भागली तर रोजची विक्री ८,४०० रुपये येते आणि नवखा माणूस म्हणतो, एवढे तर सहज होईल. पण खऱ्या विक्रीचे दिवस मोजा. एप्रिल ते जून ७५ दिवस, दसरा-दिवाळीचे ३०, हिवाळ्यातील २५, मिळून १३० दिवस. त्याने भागले की रोजची विक्री २३,६०० रुपये व्हायला हवी. त्यातले वीस दिवस रस्ता बंद पडला किंवा पर्यटक फिरकला नाही, तर उरलेल्या ११० दिवसांत रोज २७,९०० रुपयांचा धंदा करावा लागेल, आणि तोही ना नफा ना तोटा एवढ्यासाठी.

नोकरदाराने हाच हिशेब आपल्या पगाराला लावावा. सीझनमध्ये महिना २०,००० मिळतात असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हा विचारावा की वर्षातले किती महिने? राहणे-जेवण पगारात धरले आहे की वेगळे? नोव्हेंबरमध्ये घरी पाठवणार की ठेवून घेणार? सहा महिन्यांचा पगार बारा महिन्यांत वाटला की महिना १०,००० उरतात. तेवढ्यात घर चालत असेल तर पुढचा विचार करावा.

म्हणून आमचे सांगणे असे की दुकानात माल भरण्यापूर्वी बंद महिन्यांचा पैसा बाजूला काढून ठेवावा. वरच्या हिशेबात खोलीभाडे आणि घरखर्च मिळून महिन्याला २८,००० होतात, म्हणजे सहा महिन्यांचे १,६८,०००. ही रक्कम मालात घालू नये, उधारीत देऊ नये. ती घरखर्चाची अमानत समजावी.

कोणती कामे मिळतात

हॉटेल, ढाबा आणि कॅफे यांत सर्वांत जास्त कामे आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींबरोबर स्वतःचे आचारी असतात, कारण आपल्या लोकांना तिसऱ्या दिवशी पोळी-भाजी आणि वरण-भात आठवतो. ज्याच्या हाताला चव आहे, ज्याला मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी येते, त्याला काम मिळायला अडचण पडू नये. हिशेब ठेवणारा, बुकिंग सांभाळणारा, गाड्यांची दुरुस्ती करणारा, वीज व नळाची कामे करणारा यांनाही मागणी असते. नळ गोठून फुटण्याच्या थंडीत चांगला प्लंबर हा मोठा माणूस ठरतो.

डोंगराची आवड आहे म्हणून गाइड होऊ, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. सह्याद्रीतले किल्ले चढण्याचा सराव उपयोगी आहेच, पण हिमालयात हवा विरळ, बर्फ खोल आणि मदत दूर असते. मनालीजवळची हमटा खिंड सुमारे ४,२७० मीटर उंच आहे. तेथे पाहुण्याला डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या तर त्याला लगेच खाली आणायचे की थांबायचे, हे ठरवणारा माणूस शिकलेला असावा लागतो. यासाठी मनालीतच सरकारी गिर्यारोहण संस्था आहे. १९६१ साली पश्चिम हिमालय गिर्यारोहण संस्था म्हणून ती सुरू झाली, आज तिला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव आहे. तेथील गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम २६ दिवसांचा आहे. त्यात चांगली श्रेणी मिळाली तर पुढच्या अभ्यासक्रमाला बसता येते. स्कीइंगचेही शिक्षण तेथे मिळते. खासगी दुकानदाराच्या हाताखाली चार सीझन काढण्यापेक्षा हे २६ दिवस आधी करावेत, असे आमचे मत आहे.

राफ्टिंग, पॅराग्लायडिंग वगैरे व्यवसायांना राज्याचे नियम आहेत. हवाई खेळांचे नियम २००४ मध्ये, नदीतील राफ्टिंगचे २००५ मध्ये झाले होते. पर्यटन खात्याकडे नोंदणी, परवानाधारक पायलट किंवा गाइड आणि तपासलेले सामान यांशिवाय हे धंदे करता येत नाहीत. शिवाय दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर हे दोन महिने दोन्ही बंद ठेवले जातात. नोंदणी नसलेल्या माणसाच्या हाताखाली काम करताना अपघात झाला, तर पोलीस चौकशीत कामगाराचेही नाव येते. म्हणून मालकाचा परवाना पाहायला मागण्यात संकोच करू नये.

जमीन घेता येत नाही

सर्वांत जास्त फसवणूक येथे होते, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा. हिमाचल प्रदेशाच्या १९७२ च्या कूळवहिवाट व जमीनसुधारणा कायद्याचे कलम ११८ असे आहे की जो हिमाचलमधला शेतकरी नाही, त्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय तेथे जमीन घेता येत नाही. विक्री, बक्षीसपत्र, अदलाबदल, भाडेपट्टा, ताबेगहाण हे सारे प्रकार या कलमाखाली येतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलेला नाशिकचा किंवा साताऱ्याचा शेतकरीही तिकडे बिगरशेतकरीच धरला जातो, कारण कायद्याला हिमाचलमधली शेती अभिप्रेत आहे. डोंगरी लोकांची थोडीशी शेतजमीन पैसेवाल्या शहरी माणसांच्या हाती जाऊ नये, हा या कायद्याचा हेतू आहे आणि तो न्याय्य आहे.

यावर दलाल एक तोड सुचवतात. ते म्हणतात, पैसे तुमचे, नाव येथल्या माणसाचे, आत एक साधा करारनामा करून ठेवू. असा बेनामी व्यवहार कायद्याने निषिद्ध आहे. तो उघडकीस आला तर जमीन बांधकामासह सरकारजमा होऊ शकते. आणि सरकारने काही केले नाही तरी ज्याच्या नावावर कागद आहे त्याने उद्या हात वर केले तर कोर्टात आपण काय दाखवणार? बेकायदा करारावर कोणतेही न्यायालय आपल्याला दाद देणार नाही. शरीअतच्या दृष्टीनेही ज्या व्यवहाराचा पायाच खोट्या नावावर उभा आहे, त्यात बरकत कोठून येणार?

मग करावे काय? राहण्याची खोली आणि लहान दुकान रीतसर भाडेचिठ्ठी करून भाड्याने घ्यावे. कोणी पाच-दहा वर्षांसाठी अख्खे हॉटेल चालवायला देतो म्हणाला तर सही करण्यापूर्वी तेथील वकिलाला कागद दाखवावेत. जागा खरोखर त्याच माणसाची आहे का, हे जमाबंदीच्या उताऱ्यावरून पटवाऱ्याकडे कळते. आपल्याकडे जसा सातबारा तशी तिकडे जमाबंदी. २००८ साली राज्याने सुरू केलेली होम-स्टेची योजना स्वतःच्या घरात कुटुंबासह राहणाऱ्या घरमालकांसाठी होती. तेव्हा बाहेरून गेलेल्याने होम-स्टेचा मालक होण्याची स्वप्ने पाहू नयेत. घरमालकाबरोबर भागीदारीत स्वयंपाक, बुकिंग किंवा ट्रेकचे काम सांभाळणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

भागीदारी करताना लिखापढी करावी. कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. मित्र आहे, भाऊ आहे, म्हणून कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ती आयत पुन्हा वाचावी. सरमाया कोणाचा, मेहनत कोणाची, नफ्यातला हिस्सा किती, तोटा आला तर कोण किती सोसणार आणि बंद महिन्यांचे भाडे कोण भरणार, एवढ्या पाच गोष्टी तरी कागदावर याव्यात. शेवटची गोष्ट लिहायची राहते आणि भांडण नेमके तिच्यावरूनच होते.

शाली आणि लोकरी कापडाचा धंदा

हा आमचा स्वतःचा विषय असल्यामुळे थोडे अधिक लिहितो. कुलूची शाल हातमागावर विणली जाते. मधला भाग साधा आणि दोन्ही टोकांना रंगीत भौमितिक नक्षीचे पट्टे ही तिची ओळख. स्थानिक मेंढीची लोकर, मेरिनो आणि अंगोरा असे तिचे प्रकार आहेत. नक्षी जितकी भरीव तितके दिवस वाढतात, काही शालींना आठवडे लागतात. विणणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि घरातल्या खड्डीवर त्या विणतात. शालीबरोबरच चौकटीचा पट्टू, टोपी, मफलर हा मालही तेथे बनतो.

या धंद्याला वळण लावण्यात भुट्टी गावच्या सहकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. १९४४ साली ही संस्था स्थापन झाली. पुढे ती मरगळली होती, १९५६ मध्ये ठाकूर वेदराम यांनी तिच्यात येऊन नवा जीव ओतला. भुट्टिको या नावाने ती आज ओळखली जाते. आपल्याकडील विणकरांच्या सोसायट्यांची स्थिती ज्यांना माहीत आहे, त्यांनी कुलूला गेल्यावर या संस्थेचे काम अवश्य पाहावे.

अडचण नकली मालाची आहे. यंत्रमागावर काढलेली शाल कुलूची म्हणून पर्यटकाच्या गळ्यात मारली जाते. स्वस्त माल, मोठा नफा, म्हणून नवा दुकानदार मोहात पडतो. पण कुलू शालीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे, जशी ती आपल्या सोलापुरी चादरीला आहे. शिवाय १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यात शालीसह कापडाचे ११ प्रकार हातमागासाठी राखून ठेवलेले आहेत. आम्ही यंत्रमागाच्या कापडाचाच व्यापार करतो, त्या कापडाला कमी लेखत नाही. यंत्राचा माल यंत्राचा म्हणून विकावा, त्याला स्वतःचे गिऱ्हाईक आहे. हातमागाचे नाव घेऊन तो विकणे हा कायद्याने गुन्हा आणि ऐब लपवून माल विकण्यासारखे नाजायज आहे. ज्या बाजारात आपण परके आहोत तेथे एकदा नाव गेले की ते परत मिळत नाही.

महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक हिमाचलच्या दुकानाला चालत नाही. प्रत्येक राज्यात वेगळी नोंदणी लागते. दुकान टाकण्यापूर्वी बाजाराचा अंदाज घेण्यासाठी एक चांगली संधी आहे, ती म्हणजे कुलूचा दसरा. बाकी देशात दसरा ज्या दिवशी संपतो त्या दिवशी कुलूत तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. सतराव्या शतकापासून चालत आलेल्या या उत्सवात ढालपूरच्या मैदानावर मोठी जत्रा भरते आणि बाहेरगावचे व्यापारी तेथे गाळे घेतात. अशा तात्पुरत्या विक्रीसाठी जीएसटीत ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ अशी नोंदणी असते. ती धंदा सुरू होण्याच्या निदान पाच दिवस आधी करावी लागते, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि ती ९० दिवसांपर्यंत चालते. वर्षभराचे भाडे अंगावर घेण्याआधी एका जत्रेत माल लावून पाहिला, की कोणता माल खपतो आणि कोणता बोचक्यातच राहतो ते कळते.

पूर, रस्ता आणि विमा

डोंगरात धंद्याचा खरा मालक रस्ता असतो. जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या पुराने कुलू-मनाली रस्त्याचे लचके तोडले, हजारो पर्यटक अडकले आणि पुढचे काही महिने धंदा ठप्प झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले, नदीकाठची बांधकामे आणि रस्ता वाहून गेला. २०२० चा उन्हाळी सीझन कोरोनाच्या टाळेबंदीत पूर्ण गेला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला आणि काश्मीरकडे जाणाऱ्या पर्यटकांनी ऐन सीझनमध्ये बुकिंग रद्द केले. डोंगरी धंद्यात दर तीन-चार वर्षांनी एक सीझन हातचा जाईल, असे धरूनच चालावे.

यावरून तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, नदीच्या अगदी काठावरची जागा कितीही सुंदर आणि स्वस्त असली तरी घेऊ नये. बियास आपली जुनी वाट विसरत नाही. दुसरी, मालाचा साठा जूनअखेर कमीत कमी राहील अशी खरेदी करावी, उरलेला माल खाली आणावा. तिसरी, मालाची आणि जिवाची जोखीम कशी भागवणार हे आधी ठरवावे. व्यापारी विम्याबाबत ज्यांच्या मनात शरीअतचा प्रश्न आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा, पण निर्णय घ्यावाच. काहीच न ठरवता बसणे याला तवक्कुल म्हणत नाहीत.

आपला माणूस तेथे कसा राहील

२०११ च्या जनगणनेप्रमाणे हिमाचलमध्ये मुसलमानांचे प्रमाण शेकडा २.१८ आहे. कुलूच्या आखाडा बाजारात जामा मशीद आहे. काश्मिरी फेरीवाले पाठीवर शालींचे गाठोडे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात फिरत आले आहेत, म्हणजे मुसलमान व्यापारी तेथे नवखा नाही. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये सिमल्याच्या संजौली भागातील मशिदीच्या बांधकामावरून आंदोलन झाले, त्याचे पडसाद मंडी-कुलूपर्यंत उमटले आणि बाहेरून येणाऱ्या फेरीवाल्यांच्या तपासणीची मागणी पुढे आली. ही वस्तुस्थिती लपवून कोणाला तिकडे पाठवणे बरोबर नाही. तिला घाबरून रोजीचा रस्ता सोडणेही बरोबर नाही.

उपाय साधा आहे, कागद पक्के ठेवावेत. आधार, भाडेचिठ्ठी, पोलिसांकडील भाडेकरू व नोकर पडताळणी, दुकानाची नोंदणी, जीएसटी हे सारे पहिल्या आठवड्यात करून घ्यावे. रस्त्यावर बसून विकायचे असेल तर २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे नगरपालिकेचा दाखला घ्यावा, तो मिळेपर्यंत गाठोडे उघडू नये. एकट्याने न जाता दोघा-तिघांनी मिळून जावे. घरमालकाच्या सुखदुःखात जावे, देवतांच्या जत्रा आणि रूढी यांचा मान राखावा, उगाच वादात पडू नये. चोख व्यवहार करणाऱ्याला शेजारीच सांभाळून घेतात.

खाण्याच्या बाबतीत, तिकडे झटक्याचे मांस सर्रास विकले जाते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजी, डाळ, राजमा, अंडी आणि नदीतली ट्राउट मासळी यांवर अडचण पडत नाही. नमाजच्या बाबतीत काही मुले महिनोन्‌महिने स्वतःला मुसाफिर समजून कस्र करतात. हनफी मसलकात एके ठिकाणी पंधरा दिवस वा अधिक मुक्कामाची नियत असली की माणूस मुकीम ठरतो. शाफई मसलकात, जो कोकणातील आपल्या बहुतेक बांधवांचा आहे, ही मुदत चार दिवसांची आहे. पाच महिन्यांच्या नोकरीवर गेलेला मुसाफिर राहत नाही.

डोंगराचा आनंद केव्हा मिळतो

आता ज्या ओढीने मुले तिकडे जातात त्या गोष्टीबद्दल. सीझनमध्ये हॉटेलात किंवा दुकानात काम करणाऱ्याला सुट्टी नसते. मे महिन्यात सारे जग सोलंगच्या उतारावर खेळत असते तेव्हा हा भांडी, बिले आणि बिछाने यांत गुंतलेला असतो. रोज डोंगर समोर दिसतो आणि तिथवर जाता येत नाही. याने पुष्कळ मुले दोन महिन्यांत कंटाळून परततात.

पण सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस थांबतो, हवा काचेसारखी स्वच्छ होते, सफरचंदाची तोड चालू असते आणि वाटा मोकळ्या असतात. तेथे राहणाऱ्याला डोंगर खऱ्या अर्थाने तेव्हा मिळतो, आणि पर्यटक ज्यासाठी हजारो रुपये मोजतो ते त्याला फुकट मिळते. सीझनमध्ये ट्रेकवर काम करणारा तर कामातच डोंगर पाहतो. सुरुवातीला घाई करू नये. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, हा डॉक्टरांचा नियम पाळावा. कोठे चाललो हे मागे कोणाला तरी सांगून जावे. अल्लाहने माणसाला जमिनीवर फिरून त्याची कुदरत पाहायला सांगितले आहे, तेव्हा या आनंदात संकोच वाटण्याचे कारण नाही. हातातील काम सोडून तो घेऊ नये एवढेच.

कोणी जावे आणि कसे जावे

ज्याच्यावर घरचे कर्ज आहे, ज्याचा पैसा दर महिन्याच्या एक तारखेला घरी पोहोचलाच पाहिजे, त्याने आज तरी जाऊ नये. ज्याच्या हाताला एखादे कसब आहे, ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि ज्याला थंडी व एकटेपणा सोसतो, त्याने जावे.

पहिल्या वर्षी फक्त एका सीझनची नोकरी करावी, दुकान नको. त्यात बाजार, भाडी, माणसे सारे कळते. मग निदान एक हिवाळा तेथेच काढून पाहावा. लोखंडी तंदूरमध्ये लाकडे घालून उबेला बसावे लागते, वीज जाते, रस्ता बंद होतो, बाहेर अंधार लवकर पडतो. तो हिवाळा ज्याला मानवला त्याने दुसऱ्या वर्षी जत्रेत गाळा घ्यावा किंवा गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम करावा. तिसऱ्या वर्षी, हातात आलेल्या पैशांतूनच, व्याजाचे कर्ज न काढता, भाड्याचे दुकान किंवा भागीदारी करावी. वहीत दोन पाने वेगळी ठेवावीत, एक चालू महिन्यांचे आणि एक बंद महिन्यांचे. पहिल्या पानावरची शिल्लक दुसऱ्या पानाला पुरत असेल तर समजावे की डोंगरात आपला पाय ठरला.

रोजी देणारा अल्लाह आहे आणि त्याची जमीन विशाल आहे. हिशेब ठेवण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपवले आहे, ते घरून निघण्यापूर्वीच करावे.